उंबरखिंडीतला उझबेक

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाणाऱ्या बहुसंख्य लोकांच्या लेखी खालापूर म्हणजे एक टोलनाका, आणि आगगाडीने जाणाऱ्यांच्या लेखी कर्जत म्हणजे घाट चढण्यापूर्वी गाडीला मागून इंजिने जोडण्याकरिता जेथे थांबावे लागते आणि तेवढ्या अवकाशात गरम वडा मिळतो ते स्थानक. १९८१ पर्यंत कुलाबा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जिल्ह्याच्या या दोन घाटपायथ्याच्या तालुक्यांतून वर्षाकाठी लक्षावधी माणसे जातात; परंतु कर्जतहून खोपोलीचा फाटा धरून, तेथून पालीच्या रस्त्याला लागून, शेमडीपाशी डाव्या हाताला वळून चावणी या गावी उतरणारा प्रवासी विरळा. त्या चावणीच्या वरच्या अंगाला, अंबा नदीच्या उगमाकडच्या अरुंद दरीत, २ फेब्रुवारी १६६१ रोजी मोगलांच्या एका मोठ्या फौजेची जी दुर्दशा झाली, ती उंबरखिंडची लढाई म्हणून आपण सर्वजण शाळेपासून जाणतो. त्या फौजेचा सरदार कारतलबखान हा उझबेक कुळातला होता, ही गोष्ट मात्र आपण नावापुढच्या एका विशेषणाइतकीच मानतो. मला ती त्या लढाईच्या आकलनाची किल्ली वाटते.

उझबेक आणि मोगल यांचे नाते प्रथमपासून वैराचे होते. अंदिजान येथे १४८३ साली जन्मलेल्या बाबराला समरकंद गमवावे लागले ते शैबानीखान उझबेकामुळे. ते गेले नसते तर हिंदुस्थानकडे वळण्याची बुद्धी त्याला झाली असती की नाही, हा प्रश्न अस्थानी नाही. पुढे त्याच उझबेकांची घराणी मोगलांच्या पदरी मनसबदार झाली. अकबराच्या अमदानीत अलीकुलीखानादी उझबेक सरदारांनी बंड केले आणि ते १५६७ मध्ये मोडून काढावे लागले. तरीही आमू आणि सिर या दोन नद्यांमधल्या मुलुखातून नोकरीच्या शोधात दक्षिणेकडे येणाऱ्या स्वारांचा ओघ आटला नाही. या लोकांना मोगल दरबारात तुराणी म्हणत. घोड्यावर बसून धनुष्य चालविणे, आघाडीवर चाल करून जाणे, पुन्हा मागे सरून शत्रूला मोकळ्यावर ओढून आणणे, ही त्यांची पिढीजात युद्धविद्या होती आणि तिला दृष्टी पोहोचेल तितके मोकळे रान लागे. औरंगजेब तख्तावर आल्यानंतर उझबेक खानांचे वकील दिल्लीस आले, तेव्हा त्यांच्या नजराण्यात लाजवर्दी दगडाच्या वस्तूंबरोबर तिकडचे घोडे, लांब केसांचे उंट आणि सफरचंदे, द्राक्षे, खरबुजे असा मेवा होता, असे फ्रेंच प्रवासी बर्निए याने लिहून ठेवले आहे. खरबूज आणि घोडा या दोन पदार्थांत त्या देशाची सारी प्रकृती उतरली आहे.

समरकंदहून तैमुरच्या जन्मभूमीकडे, म्हणजे शहरीसब्ज या आज शांतपणे नांदणाऱ्या गावाकडे, जो रस्ता जातो तो तख्ताकराचा नावाच्या खिंडीतून जातो. ती खिंड आपल्या बोरघाटाहून कितीतरी उंच आहे. परंतु तिचे उतार उघडे आहेत. वसंतात तिथली भूमी, भिंती आणि धाब्यांची छपरेसुद्धा हिरवी होतात म्हणून त्या नगराला ते नाव पडल्याचे बाबराने आपल्या आत्मचरित्रात नोंदविले आहे. अशा देशी घडलेल्या युद्धपरंपरेला डोंगराचे भय नसते. डोंगरात दिसेनासे होण्याचे भय काय असते, हे मात्र तिला सह्याद्रीनेच शिकवावे लागते.

मे १६६० मध्ये मोगल सुभेदार शाइस्ताखान पुण्यात येऊन बसला. ऑगस्टात फिरंगोजी नरसाळ्याने निकराने लढविलेला चाकणचा किल्ला त्याने घेतला. परंतु एका भुईकोटासाठी जो काळ आणि जी माणसे खर्ची पडली ती पाहून डोंगरी किल्ल्यांच्या वाटेस जाण्याऐवजी त्याने उत्तर कोकणाकडे दृष्टी वळविली. कल्याण-भिवंडीचा तो मुलूख १६५७ पासून शिवाजीमहाराजांच्या ताब्यात होता. तेथे उतरण्याची कामगिरी कारतलबखानावर सोपविण्यात आली, आणि त्याच्याबरोबर माहूरच्या उदारामाच्या घराण्यातील सावित्रीबाई, म्हणजेच रायबागन, ही करारी स्त्री देण्यात आली. बोरघाटाच्या सरळ वाटेवर लोहगड, विसापूर आणि राजमाची यांची नजर. म्हणून खानाने लोणावळ्याहून दक्षिणेस वळून कुरवंड्याची वाट धरली. कागदावर ही मसलत चुकीची म्हणता येणार नाही. सुमारे सहाशे मीटरांच्या माथ्यावरून ही वाट नागफणीच्या कड्याजवळून एकदम खाली सुटते आणि चावणीच्या रानात शिरते. तिच्यावरून ओझ्याचे बैल, घोडे आणि प्यादे यांना रांगेनेच उतरावे लागते, आणि एकदा रांग उतरू लागली की शेंड्याला बुडख्याची वार्ता राहत नाही.

ही लढाई आपल्याला सविस्तर कळते ती कवींद्र परमानंदाच्या शिवभारतामुळे. हे संस्कृत काव्य तंजावरच्या ग्रंथसंग्रहातून बाहेर आले आणि स. म. दिवेकरांनी ते १९२७ साली प्रसिद्ध केले; त्याचे ३१ अध्याय पूर्ण असून बत्तिसावा अपुरा राहिला आहे. परमानंद कवी असल्यामुळे वीरांच्या आवेशाची वर्णने अलंकाराने जड केलेली आहेत हे खरे. परंतु लढाईतल्या स्थितीविषयी तो जे सांगतो ते चावणीच्या रानात उभे राहून पाहिले म्हणजे पटत जाते. वारा कोंडलेला, झाडी दाट, फौज पाण्यावाचून कासावीस झालेली. आणि पुढेमागे, दोन्ही अंगांना, अगोदरच येऊन बसलेले मराठे. शिवाजीमहाराजांनी शत्रूला घाट उतरू दिला. घाटमाथ्यावर त्याला अडविले असते तर तो पुण्यास परतला असता. खाली उतरल्यावर मात्र चढण पाठीशी आणि रान पुढ्यात.

माघातली ती दरी पाहताना पाण्याचा प्रश्न मला विशेष महत्त्वाचा वाटला. खोपोलीस टाटांचे वीजगृह १९१५ पासून चालत आहे आणि त्यातून सुटणाऱ्या पाण्यामुळे पाताळगंगा उन्हाळ्यातही वाहते. वरच्या अंबेला असा आधार नाही. पावसाळ्यात जिच्या लोंढ्यात उभे राहवत नाही त्या नदीची माघात बारीक धार होते, कोठे ती गोट्यांखाली गुप्त होते आणि पात्र कोरडे भासते. तेथेच एक कातकरी बाई पात्रात हाताने वाळू उकरून काढलेल्या डवऱ्यापाशी बसली होती. डवरा जेमतेम कोपरभर खोल. तळाशी पाणी पाझरे, ते ती करवंटीने हलक्या हाताने उचलून हंड्यात ओती आणि पुन्हा पाझर भरेपर्यंत थांबे. घाई केली असती तर पाणी गढूळ झाले असते. “पानी हाय की, कुठं उकरायचं ते म्हाईत पायजे,” एवढेच ती म्हणाली. तहानलेल्या हजारो माणसांच्या आणि जनावरांच्या पायांखाली त्या दिवशी पाणी असण्याचा पुष्कळ संभव आहे. पण ते असे करवंटीने आणि सवडीने येणारे होते. फौजेचा घसा त्यावर ओला होत नाही.

शेवटी रायबागनने खानाची कानउघाडणी करून त्याला शरण जाण्याचा सल्ला दिला, तो त्याने मानला आणि वकील पाठवून अभय मागितले. महाराजांनी फौजेचा सरंजाम आणि द्रव्य ठेवून घेतले व माणसांना वाट दिली. मला या निर्णयाचे मोल प्रत्यक्ष झुंजीहून अधिक वाटते. कोंडलेल्या फौजेचा संहार करणे त्या ठिकाणी अवघड नव्हते. परंतु जिवंत परतलेला प्रत्येक शिपाई पुण्याच्या छावणीत कोकणच्या रानाची जी हकीकत सांगणार होता, ती मेलेल्याला सांगता आली नसती. त्यानंतर नेताजी पालकराला या बाजूस ठेवून महाराज दाभोळ, संगमेश्वराकडे गेले. शाइस्ताखान एप्रिल १६६३ मधील लाल महालातील छाप्यापर्यंत पुण्यातच होता.

येथे एक जुना प्रसंग आठवल्यावाचून राहत नाही. शहाजहानने १६४६ साली बल्ख-बदख्शानवर फौज धाडली आणि पुढल्या वर्षी शाहजादा औरंगजेबाला तिकडे पाठविले. उझबेक स्वारांनी समोरासमोरच्या झुंजीत फारसे न गुंतता मोगलांच्या रसदेवर आणि वाटांवर सतत हल्ले केले. अखेर बल्ख परत तिथल्या उझबेक नजर मुहम्मदखानाच्या हवाली करून औरंगजेब हिंदुकुशाच्या बर्फातून माघारी आला, तेव्हा वाटेत असंख्य माणसे व जनावरे गारठून मेली. परक्या डोंगरात बादशाही फौजेचे काय होते, हे उझबेकांनी औरंगजेबाला असे शिकविले होते. चौदा वर्षांनी त्याच औरंगजेबाच्या पदरच्या एका उझबेकाला तो धडा कुरवंड्याखाली गिरवावा लागला. कारतलबखानाला नेभळट ठरविण्याची जी रीत आपल्या कथनांत पडली आहे ती म्हणूनच मला मान्य नाही. तिच्यामुळे त्याच्यावर अन्याय होतो तो होतोच; परंतु त्याहून मोठा अन्याय महाराजांच्या योजनेवर होतो. तुराणी स्वाराचे बळ कशात आहे हे नेमके हेरून, ते जेथे निरुपयोगी होईल अशीच जागा त्यांनी निवडली.

आज चावणी हे भातखाचरांचे गाव आहे. भात निघाल्यावर त्याच ओलीवर वाल पेरतात. माघात शेंगा भरतात आणि संध्याकाळी कोठे ना कोठे भांबुर्ड्याचा पाला घालून मडक्यात पोपटी लावलेली असते. नदीच्या पात्रात दगडांवर लढाईचे स्मारक उभारले आहे आणि दरवर्षी फेब्रुवारीत तेथे माणसे जमतात. एरवी तेथे शांतता असते. कुरवंड्याच्या माथ्यावर मात्र लोणावळ्याची वस्ती पसरत चालली आहे; नौदलाची शिवाजी या नावाची प्रशिक्षण संस्था त्याच बाजूस आहे. मधली उतरणीची वाट वापराअभावी ठिकठिकाणी रानात हरवते. स्मारकाची काळजी घेतो तितकी या वाटेची आपण घेत नाही, याचा मला खेद वाटतो, कारण या लढाईचा खरा दस्तऐवज ती वाटच आहे. तिची मोजणी होऊन नकाशा व्हावा, वळणे आणि पाण्याच्या जागा यांच्यावर खुणा व्हाव्यात आणि शिवभारतातील वर्णन तिच्याशी टप्प्याटप्प्याने ताडून पाहावे. त्या कामात ताश्कंद-समरकंदकडचा एखादा इतिहासाचा अभ्यासक आपल्याबरोबर असावा अशी माझी फार इच्छा आहे. त्याने माघातच यावे, कुरवंड्याहून सकाळी पायी निघावे, बरोबर चावणीचा वाटाड्या घ्यावा, आणि दुपारी खाली पोहोचल्यावर तेथून घोडदळ कोणत्या बाजूला वळविता आले असते ते त्याने आम्हांला सांगावे.