वचनाच्या आधी काय, नंतर काय? : कर्मठ मंडळ्या आणि संदर्भ तोडून वाचलेलं शास्त्र

आजचा विषय थोडा नाजूक आहे. म्हणून सुरुवातीलाच सांगतो, आज आपण ख्रिस्ती श्रद्धा खरी की खोटी याची चर्चा करणार नाही. पवित्र शास्त्रातलं एखादं वचन आजूबाजूच्या मजकुरातून तोडून काढतात, त्याचा नियम बनवतात आणि तो नियम माणसांच्या डोक्यावर ठेवतात. हे नेमकं कसं घडतं, एवढंच आज पाहायचं आहे.

आधी एक शब्द स्पष्ट करू या. इंग्रजीत ज्याला 'लीगलिझम' म्हणतात, त्याला आपल्याकडे चांगला शब्द आहे, कर्मठपणा. नियम असणं म्हणजे कर्मठपणा नव्हे. नियम कुठल्या घरात नसतात? पण नियम पाळण्यावरूनच माणूस देवाला प्रिय की अप्रिय हे ठरवायचं आणि ते ठरवण्याचा अधिकार चार माणसांच्या हाती द्यायचा, तिथून कर्मठपणा सुरू होतो. अमेरिकेतल्या काही स्वतंत्र फंडामेंटलिस्ट बॅप्टिस्ट मंडळ्यांमध्ये बायकांनी पँट घालायची नाही, सिनेमाला जायचं नाही, पुरुषांनी केस वाढवायचे नाहीत, अमुक संगीत ऐकायचं नाही, असे नियम अनेक वर्षं चालत आले. आणि प्रत्येक नियमाला एक वचन जोडलेलं असतं. ऐकणाऱ्याला वाटतं, हे पाळक बोलत नाहीत, देवच बोलतोय. मग वाद घालायचा कुणाशी?

आता हे वचन तोडणं इतकं सोपं का, ते बघा. मूळ हस्तलिखितांत वचनांना क्रमांक नव्हतेच. ग्रीक नव्या करारात आज दिसणारे वचनांचे क्रमांक रोबेर एस्तिएन या मुद्रकाने १५५१ मध्ये घातले. १६११ च्या किंग जेम्स बायबलमध्ये तर प्रत्येक वचन नव्या ओळीवर सुरू होतं. संदर्भ शोधायला ही फार सोयीची गोष्ट झाली. पण डोळ्यांना सवय लागली की प्रत्येक ओळ म्हणजे स्वतंत्र कलम. पौलाची पत्रं ही पत्रं होती. कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटी पौल सांगतो की हे पत्र तुमच्या मंडळीत वाचून झालं की लावदिकीयाच्या मंडळीतही वाचलं जाऊ द्या. म्हणजे ते मोठ्याने, सलग वाचायचं होतं. वाचायला पंधरा-वीस मिनिटं लागतात. आपल्या घरी आलेल्या पत्रातलं मधलंच एक वाक्य कुणी उचललं आणि त्यावर आपल्याला दंड ठोकला, तर आपण काय म्हणू?

याच पत्रातलं उदाहरण घेऊ. दुसऱ्या अध्यायाच्या एकविसाव्या वचनात तीन छोटे हुकूम येतात. एकात हाताळायची मनाई, एकात चाखायची, एकात स्पर्शाची. आपल्या भाषेत सांगायचं तर अगदी सोवळं-ओवळं. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेच्या दारूबंदी चळवळीत हे तीन हुकूम घोषणेसारखे वापरले गेले. दारूने घरं उद्ध्वस्त होतात हे खरंच आहे, आणि त्या चळवळीकडे दारूविरुद्ध भक्कम कारणं होती. पण हे वचन त्यांच्या कामाचं नव्हतं. कारण विसावं वचन वाचा. तिथे पौल विचारतो, तुम्ही ख्रिस्ताबरोबर जगाच्या या प्राथमिक गोष्टींना मेलात ना, मग असल्या नियमांखाली कशाला जाता? आणि नियमांचा मासला म्हणून हे तीन हुकूम देतो. पुढच्या दोन वचनांत म्हणतो, ही माणसांची शिकवण आहे, दिसायला शहाणपणाची, पण देहाच्या वासनांपुढे कुचकामी. थोडक्यात, पौल ज्यांच्याशी भांडतोय त्यांचं बोलणं तो सांगतोय, आणि लोकांनी तीच पौलाची आज्ञा म्हणून उचलली. अर्थ थोडा सरकला असं नाही. तो पुरता उलटा झाला.

हे 'उलटं होणं' आज लक्षात ठेवा, कारण पुढच्या प्रत्येक उदाहरणात तेच दिसेल.

थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, पाचवा अध्याय, बाविसावं वचन. किंग जेम्स बायबलमधल्या शब्दांवरून अनेकांनी अर्थ घेतला की जे वाईट 'दिसतं' त्यापासूनही दूर राहा. मग शेजाऱ्याला काय वाटेल, कुणी पाहिलं तर काय म्हणेल, यावर नियम रचले गेले. ग्रीक शब्दाचा साधा अर्थ इथे 'प्रकार' असा आहे, वाईटाचा कुठलाही प्रकार. आणि आधीची वचनं? तिथे म्हटलंय की संदेश सांगणाऱ्यांना तुच्छ मानू नका, पण सगळं पारखून घ्या, चांगलं असेल ते धरून ठेवा. त्यानंतर हे वाक्य येतं. म्हणजे ऐकणाऱ्याला पारख करायला सांगणारा हा परिच्छेद. व्यासपीठावरून जे बोललं जातं तेही तपासा, असं तो सांगतो. त्यातूनच 'प्रश्न न विचारता पाळा' असा नियम निघाला.

इथपर्यंत कपडे, सिनेमा, खाणंपिणं चाललं होतं. यापुढचं गंभीर आहे, कारण इथून पैसा, सत्ता आणि लेकराबाळांची सुरक्षितता येते.

पाळकाच्या वागण्यावर कुणी बोट ठेवलं की एक वचन हमखास पुढे येतं. देवाच्या अभिषिक्तांना कुणी धक्का लावू नये, अशा अर्थाचं. ते स्तोत्रसंहितेच्या १०५ व्या स्तोत्रात आहे. स्तोत्र वरून वाचा. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांची गोष्ट चालू आहे. संख्येने थोडे, परक्या मुलखात उपरे, या राज्यातून त्या राज्यात भटकणारे. त्यांना राजांनी त्रास देऊ नये म्हणून देव राजांना दटावतो, त्या दटावणीतलं हे वाक्य आहे. सत्ता असलेल्यांनी दुबळ्यांना हात लावू नये, असा त्याचा रोख. आज ते सत्ता असलेल्याच्या बचावासाठी दुबळ्यांना ऐकवलं जातं.

काही जण यावर दावीद आणि शौलाचा दाखला देतात. दावीदाने अभिषिक्त राजाला मारलं नाही, बरोबर. पण शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा चोविसावा अध्याय पूर्ण वाचा. दावीद गुहेतून बाहेर येतो आणि सगळ्या सैन्यासमोर शौलाला मोठ्याने सांगतो की तू माझ्यावर अन्याय करतो आहेस. मारलं नाही, पण गप्पही बसला नाही. पुढे दावीद स्वतः राजा झाल्यावर नाथान संदेष्टा त्याच्या तोंडावर त्याचा गुन्हा सांगतो. आणि अंत्युखियात पौल पेत्राला सगळ्यांदेखत अडवतो. या ग्रंथात अभिषिक्तांना जाब विचारणारी माणसं जागोजागी भेटतात.

आता पैसा. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायात दशमांश न देणं म्हणजे देवाला लुबाडणं आहे, अशी कडक भाषा येते. मंडळीत ती भरपूर ऐकवली जाते. पण त्याच अध्यायात, तीनच वचनं आधी, देव कुणाविरुद्ध साक्ष द्यायला येतो म्हणतो? मजुराची मजुरी दाबणाऱ्यांविरुद्ध, विधवा, अनाथ आणि परके यांना नाडणाऱ्यांविरुद्ध. पहिल्या दोन अध्यायांत याजकांची खरडपट्टी आहे. आणि ज्या भांडारात दशमांश आणायचा, ते मंदिराचं कोठार होतं, धान्याचं. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात तर सांगितलंय की दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश लेवी, परके, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावा म्हणून ठेवायचा. ज्यांच्यासाठी कोठार भरायचं, त्याच विधवेला आज मलाखी दाखवून तिच्या पेन्शनमधला दहावा हिस्सा मागायचा, हा कुठला न्याय?

विधवेच्या दोन नाण्यांची गोष्टही तशीच. मार्कच्या बाराव्या अध्यायात गरीब विधवा होतं नव्हतं ते दानपेटीत टाकते. प्रवचनात ही दानाचा आदर्श म्हणून येते. तिच्या लगेच आधी येशू काय म्हणतो? लांब झगे घालून मिरवणाऱ्या आणि विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांपासून सावध राहा. पुढच्याच ओळींत ही विधवा येते. तिची भक्ती मोठी आहेच. पण तिच्याकडून शेवटचं नाणं घेणाऱ्या व्यवस्थेकडे बघायला लावणारं वाक्य गाळून गोष्ट सांगितली, तर अर्धीच गोष्ट सांगितली.

सगळ्यात जास्त नुकसान करणारं उदाहरण शेवटी ठेवलं आहे. करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल म्हणतो की विश्वासणाऱ्यांनी आपसातले तंटे बाहेरच्या न्यायालयात नेऊ नयेत. या आधारावर मंडळीत घडलेले लैंगिक अत्याचार, मुलांवरचे अत्याचार दाबले गेले आहेत. पोलिसात जाऊ नका, साक्ष बिघडते, आतच मिटवू. आता हा अध्याय कशाबद्दल आहे? पौल किरकोळ, रोजच्या व्यवहारातल्या तंट्यांबद्दल बोलतोय, एकमेकांना लुबाडण्याबद्दल. आणि आधीचा, पाचवा अध्याय? एका माणसाने बापाच्या बायकोशी संबंध ठेवला आहे आणि मंडळी ते खपवून घेते आहे, यावर पौल संतापला आहे. शोक करायचा सोडून फुगलात कसे, त्या माणसाला बाहेर का काढलं नाही, असा त्याचा सूर आहे. एक पान मागे गेलं तरी दिसतं की गुन्हा झाकायला हे पत्र वापरता येत नाही. आणि आपल्याकडचा कायदाही सांगून ठेवतो. २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ नुसार मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती असलेल्याने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. पाळक, वडील, शिक्षक, कुणालाही त्यातून सूट नाही.

हे एखाद-दुसऱ्या माणसाच्या हट्टापुरतं नसतं, त्याची चळवळही होऊ शकते. १९७० च्या दशकात अमेरिकेत फ्लोरिडातल्या फोर्ट लॉडरडेलमधून 'शेपर्डिंग' चळवळ पसरली. प्रत्येक विश्वासणाऱ्यावर एक 'मेंढपाळ', आणि लग्न, नोकरी, घर अशा निर्णयांतही त्याचा शब्द घ्यायचा. आधार होता इब्री लोकांस पत्राच्या तेराव्या अध्यायातला, पुढाऱ्यांचं ऐका असं सांगणारा. त्याच वचनात पुढाऱ्यांना स्वतः हिशेब द्यायचा आहे असंही म्हटलं आहे, आणि त्याच अध्यायात थोडं आधी पुढाऱ्यांच्या वागण्याचा परिणाम काय झाला ते पाहा, असंही. हा भाग मागे पडला. चळवळीच्या पाच प्रमुखांपैकी एक, बॉब ममफर्ड, यांनी १९९० च्या सुमारास झालेल्या हानीबद्दल जाहीर माफी मागितली. पण तोवर अनेकांच्या आयुष्याचे निर्णय होऊन गेले होते.

मग साधा वाचक काय करू शकतो? ग्रीक-हिब्रू यायलाच हवं असं नाही. चार प्रश्न पुरतात. हे वाक्य कोण बोलतंय? कुणाला बोलतंय? आधी आणि नंतर काय आहे? आणि या अर्थाने फायदा कुणाचा होतो? चौथ्या प्रश्नाचं उत्तर दर वेळी 'व्यासपीठावरच्या माणसाचा' असं येत असेल, तर पहिले तीन प्रश्न पुन्हा विचारा.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावं की नाही यावर वरिष्ठ धर्माधिकाऱ्यांनी हरकत घेतली. रमाबाईंनी पत्रांतून ठाम उत्तरं दिली. एका पुरोहितशाहीतून सुटून मी दुसरीखाली जाणार नाही, हा त्यांचा पवित्रा होता. आणि नंतर काय केलं? हिब्रू आणि ग्रीक शिकून, केडगावला मुक्ती मिशनमध्ये, साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत सबंध बायबलचं भाषांतर केलं. १९२२ मध्ये त्या गेल्या, १९२४ मध्ये ते प्रसिद्ध झालं. निवडक वचनं ऐकवणाऱ्यांपुढे त्यांनी सगळा ग्रंथच वाचकाच्या हातात ठेवला.

शेवटी श्रोत्यांकडून आलेले दोन प्रश्न घेऊ.

पहिला : संदर्भाचं नाव काढून नको असलेली कुठलीही आज्ञा झटकता येते, त्याचं काय? येते, आणि लोक तसं करतातही. म्हणून कसोटी दोन्हीकडे सारखी लावायची. शेजाऱ्यावर प्रीती करण्याची आज्ञा लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात आहे. तिथला संदर्भ वाचला की शेतातला काही भाग गरिबांसाठी सोडा, मजुरी रात्रभर अडवून ठेवू नका, अशा ठोस गोष्टी सापडतात. प्रामाणिकपणे वाचलेला संदर्भ कधी ओझं उतरवतो, कधी वाढवतोही.

दुसरा : मंडळीत असा प्रश्न विचारला की बंडखोर म्हणतात, काय करावं? प्रेषितांची कृत्ये, सतरावा अध्याय काढा. बिरुयाचे लोक पौलाचं बोलणं खरं आहे का हे रोज शास्त्रात तपासत होते, आणि लेखकाने त्यांना थोर मनाचे म्हटलं आहे. पौलाला तपासलेलं चालत होतं. तुम्ही शांतपणे एवढंच म्हणा, 'आपण हा अध्याय सुरुवातीपासून एकत्र वाचू या का?' चांगला पाळक लगेच पुस्तक उघडेल. आणि तेवढ्या विनंतीवरही कुणी चिडत असेल, तर तिथून बाहेर पडताना देवाला सोडतोय असं मनात आणू नका. आणि गुन्ह्याची गोष्ट असेल तर मंडळीच्या परवानगीची वाट न पाहता थेट पोलिसांकडे जा.