अश्वशक्ती तीच, वेग मात्र वेगळा

रविवार, २५ नोव्हेंबर १९७३. पश्चिम जर्मनीतील ऑटोबान, म्हणजे केवळ वेगवान वाहनांसाठी बांधलेले रुंद महामार्ग, त्या दिवशी ओस पडले होते. मोटारींऐवजी त्यांच्यावरून माणसे पायी हिंडत होती आणि मुले सायकली चालवीत होती. हा काही सण नव्हता. ऑक्टोबरमध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले, अरब देशांनी तेलाचा पुरवठा आखडता घेतला आणि तेलाचे भाव पाहता पाहता चढले. इंधन वाचवण्यासाठी जर्मन सरकारने लागोपाठ चार रविवार खासगी मोटारींना रस्ता बंद केला. एरवी वेगाला मर्यादा नसलेल्या ऑटोबानवर काही महिने ताशी १०० किलोमीटरची मर्यादाही घातली.

या घटनेने एक प्रश्न सर्वांसमोर उभा केला. स्टुटगार्टची मर्सिडीज-बेंझ, म्युनिकची बीएमडब्ल्यू आणि इंगोलश्टाटची आउडी या कंपन्या मोठ्या, आरामशीर, चार दरवाजांच्या मोटारी बनवीत. कंपन्यांचे अधिकारी, डॉक्टर, वकील अशी मंडळी त्या वापरत. मर्सिडीजची डिझेल मोटार तर तिथे टॅक्सी म्हणूनही धावे. अशा गाडीचा वेग आणि आराम कायम ठेवून तिचे इंधन कमी करता येईल का?

वर्गात मोटारींचा विषय निघाला की एखादा विद्यार्थी हमखास विचारतो, “सर, यांतली सर्वांत चांगली कोणती?” मी म्हणतो, “आधी चांगली म्हणजे काय ते ठरवू, आणि मग गणित करू.” आज आपण तेच करणार आहोत. त्यासाठी नववी-दहावीचे भौतिकशास्त्र पुरेसे आहे.

एक कोडे

१९८०च्या सुमारास मर्सिडीजची ‘२४० डी’ ही डिझेल मोटार मिळत असे. तिचे इंजिन २.४ लिटरचे, शक्ती ७२ अश्वशक्ती, आणि कंपनीने दिलेला कमाल वेग ताशी १४३ किलोमीटर. १९८४च्या अखेरीस कंपनीने या मोटारीची पुढची पिढी आणली. (हीच पिढी १९९५ पासून पुण्यात जुळवली जाऊ लागली.) तिच्यातील ‘२०० डी’ या प्रकाराचे इंजिन अवघे २ लिटरचे होते. शक्ती पुन्हा ७२ अश्वशक्तीच. कमाल वेग मात्र ताशी १६० किलोमीटर!

इंजिन लहान, शक्ती तेवढीच, तरी वेग १७ किलोमीटरने जास्त. हे कसे?

उत्तर इंजिनात नाही, गाडीच्या अंगलटीत आहे. धावणाऱ्या मोटारीला दोन मुख्य विरोध सोसावे लागतात. एक टायर आणि रस्ता यांच्यातील लोटण-घर्षणाचा, दुसरा हवेचा. लोटण-घर्षण वेगाबरोबर फारसे वाढत नाही. हवेचा विरोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. सूत्र असे:

हवेचा विरोध = ½ × हवेची घनता × रोध-गुणांक × समोरचे क्षेत्रफळ × वेगाचा वर्ग

यातील रोध-गुणांक ही केवळ एक संख्या आहे. वस्तूचा आकार हवेतून किती सहज वाट काढतो, ते ती सांगते. जुन्या मर्सिडीजचा गुणांक सुमारे ०.४२ होता, नव्या ‘२०० डी’चा ०.२९. हवेची घनता घनमीटरला १.२ किलोग्रॅम धरू. समोरचे क्षेत्रफळ दोन्ही गाड्यांसाठी २ चौरस मीटर धरू; ते दोघींत जवळजवळ सारखेच होते.

शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. म्हणून हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. आता आकडे घालू. ताशी १४३ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३९.७ मीटर. जुन्या गाडीला या वेगाने हवा कापायला सुमारे ३१.५ किलोवॅट लागतात. ताशी १६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ४४.४ मीटर. नव्या गाडीला या वेगाने लागतात सुमारे ३०.५ किलोवॅट. दोन्ही उत्तरे जवळजवळ एकच! ७२ जर्मन अश्वशक्ती म्हणजे ५३ किलोवॅट. त्यातले तीसएक किलोवॅट दोन्ही गाड्यांत हवेनेच खाल्ले. उरलेले टायर, गिअर, दंतचक्रे यांच्यात गेले. कोडे सुटले.

समजा, जुन्याच अंगलटीच्या गाडीला ताशी १६० किलोमीटरचा वेग द्यायचा आहे. वेगांचे गुणोत्तर १.१२, आणि त्याचा घन सुमारे १.४. म्हणजे हवेसाठी चाळीस टक्के जास्त शक्ती लागेल. त्याकरिता मोठे इंजिन, मोठ्या इंजिनाकरिता जास्त इंधन. नव्या गाडीत हाच फायदा पत्र्याच्या आकारातून जवळजवळ फुकटात मिळाला.

इंधनाचा हिशेब

हीच गोष्ट इंधनात मोजून पाहू. ताशी ९० किलोमीटर वेगाला हवेचा विरोध जुन्या गाडीत ३१५ न्यूटन येतो, नवीत २१८. लोटण-घर्षण दोघींना १८० न्यूटन धरू. बेरीज ४९५ आणि ३९८ न्यूटन. कार्य म्हणजे बल गुणिले अंतर, म्हणून १०० किलोमीटर जायला ४९.५ आणि ३९.८ मेगाज्यूल कार्य करावे लागेल. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. बेताच्या वेगाने जाताना तिचा पाचवा हिस्सा चाकांपर्यंत पोचतो असे धरले, तर लिटरमागे ७.२ मेगाज्यूल हाती लागतात. भागाकार करा: जुनीला ६.९ लिटर, नवीला ५.५ लिटर. इंजिनाच्या कार्यक्षमतेत काडीचाही फरक न धरता ही बचत झाली.

आता वेग ताशी १२० किलोमीटर करा. हवेचा विरोध १६ भागिले ९ पट, म्हणजे पावणेदोन पटींहून जास्त होतो. ऑटोबानवरच्या वेगमर्यादेमागचे शास्त्र ते हेच.

आउडीने हा धडा मर्सिडीजच्याही आधी गिरवला होता. १९८२ साली आलेल्या ‘आउडी १००’चा रोध-गुणांक ०.३० होता. खिडक्यांच्या काचा दरवाजाच्या पत्र्याशी सपाट बसवणे ही त्यातली एक युक्ती. काच आत दबलेली असली की तिच्या कडेशी हवेचे भोवरे होतात, आणि भोवरे फिरवण्याची ऊर्जा शेवटी पेट्रोलच्या टाकीतूनच येते. मात्र ०.३० हा आकडा अरुंद टायरच्या मूळ प्रकाराचा होता, हेही लक्षात ठेवा. रुंद टायर लावले की गुणांक वाढतो. जाहिरातीतला आकडा खरा असतो, पण तो कोणत्या गाडीचा, हे विचारायचे असते.

मोठे इंजिन, कमी तहान

बीएमडब्ल्यूने दुसरी वाट धरली. तिच्या ५ सिरीज मोटारीत १९८०च्या दशकाच्या पूर्वार्धात दोन इंजिने अशी होती की दोन्हींची शक्ती १२५ अश्वशक्ती. ‘५२० आय’चे इंजिन २ लिटरचे, ते ही शक्ती मिनिटाला ५,८०० फेऱ्यांना देई. ‘५२५ ई’चे इंजिन २.७ लिटरचे, ते तेवढीच शक्ती ४,२५० फेऱ्यांना देई. यातला ‘ई’ म्हणजे ‘ईटा’, भौतिकशास्त्रात कार्यक्षमतेसाठी वापरले जाणारे ग्रीक अक्षर. इंधनाची बचत हे ज्याचे उद्दिष्ट, ते इंजिन मोठे होते!

हे उलटे वाटते, पण विचार करा. शक्ती म्हणजे फिरवण्याचा जोर गुणिले फिरण्याचा वेग. १२५ अश्वशक्ती म्हणजे ९२ किलोवॅट. लहान इंजिनाला ती द्यायला सुमारे १५१ न्यूटन-मीटर जोर पुरतो, पण फेरे फार घ्यावे लागतात. मोठे इंजिन २०७ न्यूटन-मीटर जोर लावते आणि सावकाश फिरते. प्रत्येक फेऱ्यात दट्ट्या सिलिंडरच्या भिंतीला घासतो, झडपांच्या स्प्रिंगा दाबल्या जातात. फेरे कमी, तर घर्षणात वाया जाणारी ऊर्जा कमी. फेरे कमी ठेवायचे म्हटल्यावर झडपांच्या स्प्रिंगाही हलक्या बसवता आल्या.

दुसरे कारण जरा सूक्ष्म आहे. पेट्रोल इंजिनात हवेच्या वाटेवर थ्रॉटलची झडप असते. हलक्या भाराला ती बरीचशी मिटलेली असते, आणि दट्ट्याला त्या चिंचोळ्या फटीतून हवा ओढून घ्यावी लागते. नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहा, म्हणजे त्याचे कष्ट कळतील. सावकाश फिरणाऱ्या इंजिनाला तेवढ्याच शक्तीसाठी प्रत्येक फेऱ्यात जास्त हवा लागते. म्हणून झडप जास्त उघडी राहते आणि हे कष्ट वाचतात. आपल्यापैकी जे सायकल किंवा मोटारसायकल चालवतात, त्यांना वरच्या गिअरचा हा फायदा ठाऊक असेलच.

डिझेलची किंमत

डिझेल इंजिनात ही झडप मुळात नसतेच. शक्ती कमी-जास्त करायची ती आत सोडलेल्या इंधनाचे प्रमाण बदलून. शिवाय हवा सुमारे एक-बावीसांश आकारमानापर्यंत दाबली जाते. त्या काळच्या पेट्रोल इंजिनांत ती साधारण एक-नवमांशापर्यंत दाबली जाई. संपीडन जास्त, तर तत्त्वतः कार्यक्षमता जास्त. रुडॉल्फ डीझेल यांनी १८९७ साली आउग्सबुर्ग येथे तयार केलेल्या इंजिनाची कार्यक्षमता सुमारे २६ टक्के भरली होती. त्या काळी ती थक्क करणारी होती.

पण तुलना प्रामाणिक हवी. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल ऊर्जा असते, डिझेलमध्ये ३६. डिझेल मोटारीच्या लिटरमागच्या जास्त किलोमीटरांतला काही वाटा इंजिनाचा नसून इंधनाचा असतो.

आणखी एक किंमत होती. अतिशय तापलेल्या हवेत नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे तयार होतात. ती फुप्फुसांना घातक आहेत. सप्टेंबर २०१५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने उघड केले, की फोक्सवॅगन समूहाच्या डिझेल मोटारींतील संगणक-प्रणाली चाचणी चालू असल्याचे ओळखत असे आणि तेवढ्यापुरता धूर स्वच्छ ठेवत असे. रस्त्यावर उतरताच ही ऑक्साइडे मर्यादेच्या कितीतरी पट सुटत. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये या यादीत ३ लिटरच्या डिझेल इंजिनाची आउडी ए६ही आली. ‘आउडी १००’ची वारसदार ती हीच. २०१७ पासून युरोपात नव्या मोटारींची चाचणी प्रयोगशाळेबरोबर प्रत्यक्ष रस्त्यावरही होऊ लागली.

विद्यार्थी मित्रांनो, प्रयोगवहीत उत्तर जुळवून लिहिण्याचा मोह आपल्यालाही होतो. तिथे फार तर दोन गुण वाढतात. इथे त्या खोट्या उत्तराची किंमत रस्त्याकडेला राहणाऱ्या लोकांनी श्वासातून मोजली.

घरी करून पाहा

वेगाच्या वर्गाचा नियम तुम्ही स्वतः पडताळू शकता. वर्तमानपत्राच्या कागदातून २० सेंटिमीटर व्यासाची पाच वर्तुळे कापा. प्रत्येकाला कडेपासून मध्यापर्यंत एक छेद द्या, कडा थोड्या एकमेकींवर सरकवून चिकटवा आणि सारखे, पसरट शंकू करा. चार शंकू एकात एक बसवा, पाचवा सुटा ठेवा. सुटा शंकू टोक खाली करून १ मीटर उंचीवरून आणि चारांचा गट २ मीटर उंचीवरून एकाच वेळी सोडा. दोन्ही जवळजवळ एकाच क्षणी जमिनीला टेकतील. चारांचे वजन चौपट, म्हणून त्यांना तोलायला हवेचा विरोधही चौपट लागतो. आणि तो मिळायला वेग फक्त दुप्पट व्हावा लागतो.

शंकू थोडे निमुळते करून प्रयोग पुन्हा करा. वेग वाढतो का? वाढला, तर तुम्ही रोध-गुणांक आणि समोरचे क्षेत्रफळ यांचा गुणाकार कमी केलात.

आज विजेवरच्या मोटारी येत आहेत. २०२३ साली आलेल्या बीएमडब्ल्यूच्या ‘आय ५’ या विजेच्या मोटारीचा रोध-गुणांक ०.२३ आहे. तिच्यात दट्ट्या नाही, थ्रॉटल नाही, धूरही नाही. पण समोरची हवा तीच आहे आणि घनाचा नियमही तोच आहे. म्हणून पुढच्या वेळी कोणी एखाद्या गाडीची अश्वशक्ती अभिमानाने सांगेल, तेव्हा त्याला तीन गोष्टी विचारा: रोध-गुणांक किती, कोणत्या वेगाला किती इंधन किंवा वीज, आणि हे मोजले कोणी व कुठे?