आपला तांब्या आणि परकी बोट

(द्वितीय वर्ष कला)

गेल्या मे महिन्यात आमच्या अण्णांनी लोणावळ्याच्या बाजारातून एक पत्रा आणि रंगाचा डबा आणला. दोन्ही माझ्यापुढे ठेवून ते म्हणाले, "आरं, आता कालिजात जातुयास, येवढी एक पाटी तरी लिहून दे."

आमचे गाव कुरवंडे. नागफणीच्या सुळक्याकडे जाणारी वाट आमच्या गावातून निघते. त्या वाटेवर आईने चहाची टपरी टाकली आहे. चहा, लिंबू सरबत, ताक आणि पावसाळ्यात कांदाभजी व भाजलेली कणसे. रविवारी पर्यटकांच्या झुंडी येतात. त्यांतले कितीतरी जण टपरीच्या सावलीत, आमच्याच बाकावर ऐसपैस बसतात, पाठीवरच्या पिशव्यांतून स्वतःच्या बाटल्या काढून पितात आणि उठून जातात. रिकाम्या बाटल्या मात्र मागे राहतात. पाटीचा मजकूर अण्णांनी ठरवूनच ठेवला होता: 'बाहेरील पेये येथे पिण्यास सक्त मनाई आहे.'

मी लिहायला बसलो खरा, पण त्याच आठवड्यात माझा मावसभाऊ रजेवर घरी आला होता. तो एका परदेशी प्रवासी जहाजावर नोकरीला आहे. पाटी पाहून तो मोठ्याने हसला. म्हणाला, "अरे, हीच पाटी आमच्या बोटीवर आहे! फक्त तिथे ती इंग्रजीत आहे." मग त्याने प्रवाशांच्या बॅगांतून निघणाऱ्या बाटल्यांच्या हकिकती सांगितल्या. पत्रा तसाच कोरा राहिला आणि माझ्या डोक्यात प्रश्न शिरला: दुसऱ्याच्या बोटीवर आपले प्यायचे आपण का नेऊ नये? आणि 'नेऊ नये' म्हणण्याचा अधिकार बोटवाल्याला कुठून आला?

विषय वाचून आमच्या प्राध्यापकांच्या भुवया उंचावतील, म्हणून आधीच सांगतो. आमचे घर माळकरी आहे आणि लेखक एकोणीस वर्षांचा आहे. दारू कशी न्यावी याचे मार्गदर्शन येथे मिळणार नाही. प्रवासात कोणी काय प्यावे हे ठरवते कोण, एवढाच या लेखाचा विषय आहे.

पूर्वी हा प्रश्नच नव्हता. प्रवासाला निघालेला माणूस आपले पाणी आपल्याबरोबर नेत असे. आमच्या आजीच्या फळीवर अजूनही एक फिरकीचा तांब्या आहे. त्याचे झाकण फिरवून घट्ट बसवले की आडवा पडला तरी थेंब सांडत नाही. कुरवंड्याचा घाट उतरून कोकणात जाणारा माणूस असो, की मुंबईहून आगबोटीने रत्नागिरी, जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले करीत पणजीला जाणारा चाकरमानी असो, तांब्या आणि फडक्यात बांधलेली भाकरी ही त्याची शिदोरी. बोट खोल पाण्यात उभी राही, प्रवासी पडावातून तिच्यापर्यंत जात, आणि तांब्या सांभाळत डेकवर पथारी पसरीत. हा तांब्या कशासाठी, असे विचारणारा तेथे कोणी नव्हता.

बोटीवर स्वतःचे पाणी नेण्याचा सर्वांत भव्य प्रकारही आपल्या मुंबईच्याच बंदरातून झाला. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी जयपूरचे महाराज दुसरे सवाई माधोसिंह इंग्लंडला निघाले. परमुलखातले पाणी पिणे त्यांच्या धर्मनिष्ठेला मानवणारे नव्हते. त्यांनी 'ऑलिंपिया' नावाची अख्खी बोट भाड्याने घेतली आणि चांदीचे प्रचंड रांजण गंगाजलाने भरून बरोबर नेले. त्यांतले दोन रांजण आजही जयपूरच्या राजवाड्यात आहेत. एकेकाचे वजन सुमारे ३४५ किलो असून त्यात सुमारे ४,००० लिटर पाणी मावते. फिरकीच्या तांब्याचाच हा राजेशाही अवतार म्हणायचा!

मात्र जुन्या काळाचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. आपला तांब्या बरोबर नेण्यामागे सोय होती, तशी शिवाशिवही होती. दुसऱ्याच्या हातचे पाणी चालत नाही म्हणूनही लोक स्वतःचे पाणी नेत. आणि ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर ओंजळही भरू दिली जात नव्हती, त्यांच्यासाठी २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना महाडच्या चवदार तळ्यावर सत्याग्रह करावा लागला. कोणाला कोठे काय पिता येईल, हे ठरवणाऱ्याच्या हाती केवढी सत्ता असते, ते आपल्या महाराष्ट्राला वेगळे सांगायला नको.

आता आजच्या जहाजांकडे वळू. आपल्याकडे ऑक्टोबर २०१८ मध्ये मुंबई-गोवा मार्गावर 'आंग्रिया' ही प्रवासी बोट सुरू झाली होती. सप्टेंबर २०२१ पासून 'कॉर्डेलिया' कंपनीचे 'एम्प्रेस' हे मोठे जहाज मुंबईहून गोवा, लक्षद्वीप वगैरे सफरी करू लागले. जगात अशी शेकडो जहाजे आहेत. त्यांच्यावर कोठे जाण्यापेक्षा जहाजावर राहणे हीच मौज. तरंगते गावच ते! आणि या गावाच्या वेशीवर, विमानतळावर होते तशी, प्रत्येक बॅग यंत्रातून तपासली जाते. स्वतःची दारू आणण्यास बहुतेक ठिकाणी बंदी असते. काही अमेरिकन कंपन्या प्रौढ प्रवाशाला चढताना ७५० मिलिलिटर वाइनची एक बाटली आणू देतात. पण ती भोजनगृहात उघडायची तर निराळे शुल्क पडते. त्याला 'कॉर्केज' म्हणतात, म्हणजे बूच काढण्याचा आकार. आपल्याकडे काही मंगल कार्यालये बाहेरचा आचारी आणल्यास वेगळे पैसे लावतात, त्यातलाच हा प्रकार.

ही बंदी दारूपुरती राहिली नाही. २०१५ च्या जुलैमध्ये 'कार्निव्हल' या बड्या कंपनीने प्रवाशांना पाण्याच्या व शीतपेयांच्या बाटल्याही आणण्यास मनाई केली. माणशी डझनभर छोटे डबे तेवढे चालतील, असे ठरवले. कारण असे दिले की बाटल्यांतून दारू चोरून आणली जाते आणि प्रत्येक बाटली तपासण्यात वेळ जातो. कारण अगदीच खोटे नव्हते. चूळ भरण्याच्या औषधाच्या बाटलीत रंग मिसळलेली व्होडका भरणे, चपट्या प्लॅस्टिकच्या पिशव्या कपड्यांच्या घड्यांत लपवणे, असल्या युक्त्या माझ्या मावसभावाला पाठ आहेत. "एवढी अक्कल अभ्यासात लावली असती तर!" हे आईचे त्यावरचे मत.

या बंदीची कारणे शोधू गेल्यास तीन सापडतात.

पहिले कारण पैशाचे. जहाजाचे तिकीट पुष्कळदा बेताच्या दरात विकले जाते आणि खरी कमाई चढल्यानंतर होते. २०१९ साली 'कार्निव्हल' समूहाच्या उत्पन्नापैकी सुमारे दोन तृतीयांश तिकिटांतून आले आणि जवळजवळ एक तृतीयांश जहाजावरच्या विक्रीतून व इतर बाबींतून. त्यात दारू व पेये, दुकाने, जुगार, किनाऱ्यावरच्या सहली सारे आले. तेव्हा प्रवाशाने आपली बाटली आणणे म्हणजे कंपनीच्या गल्ल्यात हात घालणेच होय. प्रवाशाने मधेच उतरून दुसऱ्या दुकानात जावे, तर चहूकडे समुद्र!

दुसरे कारण सुरक्षिततेचे. भरसमुद्रात पोलीस ठाणे नाही, मोठे इस्पितळ नाही. पिऊन कोणी कठड्यावरून तोल गेला, तर बोट वळवून शोध घ्यावा लागतो. दारू फक्त जहाजाच्या बारमधून मिळाली, तर कोणाला किती दिली याची नोंद राहते आणि हात आखडता घेता येतो. खोलीत लपवलेल्या बाटलीवर कोणाचे लक्ष राहणार? जहाजावरच्या दारूची किल्ली कप्तानाच्या ताब्यात हवी, हा नियम जुनाच आहे. ब्रिटिश आरमारात खलाशांना रोज रम मोजून मिळत असे. ती प्रथासुद्धा ३१ जुलै १९७० रोजी बंद झाली, कारण गुंतागुंतीची यंत्रे आणि रम यांचा मेळ बसेना.

तिसरे कारण कायद्याचे. परदेशी जाणाऱ्या जहाजावरील साठ्याला आपल्या १९६२ च्या सीमाशुल्क कायद्यात निराळी वागणूक आहे. प्रवासात तेथेच संपणाऱ्या मालावर शुल्क पडत नाही. म्हणून त्या साठ्याचा हिशेब चोख ठेवावा लागतो. शिवाय किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे सुमारे २२ किलोमीटरपर्यंत, आपला प्रादेशिक समुद्र. मुंबई-गोवा सफर तर देशातल्या देशातच होते. आपल्या राज्यात १९४९ चा दारूबंदी कायदा आहे. पिण्यासाठी परवाना लागतो. 'परमिट रूम' हा शब्द त्यातूनच आला. गोव्यात दारू स्वस्त आणि आपल्याकडे महाग, त्यामुळे तेथली बाटली परवान्यावाचून महाराष्ट्रात आणणे गुन्हा ठरतो. सावंतवाडीजवळच्या इन्सुली नाक्यावर गाड्या तपासल्या जातात त्या याचसाठी. रस्त्यावर जे लागू, ते बंदरावरही लागू.

ही तिन्ही कारणे मी अण्णांना सांगितली. पहिले ऐकताच ते म्हणाले, "मग आपलं काय चुकतंय? बाक आपला, सावली आपली. ते बी आपल्याच धंद्यावर बसत्यात." मला उत्तर सुचेना. कंपनीवर रागावणे सोपे होते. पण अण्णांची पाटी आणि कंपनीची पाटी एकच आहे, हे कबूल करणे जड जात होते. लिंबाचा, साखरेचा पैसा आधी घालावा लागतो, आणि पाऊस लांबला तर तो तसाच अडकून पडतो. माझ्या वह्या-पुस्तकांचा खर्चही त्याच टपरीतून निघतो.

हाच वाद चित्रपटगृहांच्या बाबतीत न्यायालयापर्यंत गेला, हे मी ग्रंथालयात वाचले. जुलै २०१८ मध्ये, मल्टिप्लेक्समध्ये बाहेरचे खाद्यपदार्थ नेता येतील, असे आपल्या सरकारने नागपूरच्या अधिवेशनात जाहीर केले. आणि ऑगस्टमध्ये सरकारनेच उच्च न्यायालयात सुरक्षेचे कारण पुढे करून वेगळी भूमिका घेतली. पुढे जम्मू-काश्मीरमधून आलेल्या प्रकरणात ३ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. चित्रपटगृह ही मालकाची खासगी जागा आहे. बाहेरचे खाद्यपदार्थ आणू न देण्याचा त्याला अधिकार आहे. प्रेक्षकावर तेथे विकत घेण्याची सक्ती मात्र नाही. परंतु पिण्याचे शुद्ध पाणी मोफत दिलेच पाहिजे आणि तान्ह्या मुलांचे अन्न आणू दिले पाहिजे.

या 'परंतु'पाशी मी थांबलो, आणि माझ्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे मिळाले. सरबत, शीतपेय, दारू हा धंद्याचा माल आहे. आपल्या जागेत तो कोणी विकावा हे जागेच्या मालकाने ठरवले, तर तक्रार करता येईल, अन्याय म्हणता येणार नाही. पाणी मात्र त्या यादीत बसत नाही. तहानलेल्याला 'माझ्याकडून विकत घे, नाहीतर तसाच राहा' असे म्हणण्याचा अधिकार कोणत्याही पाटीने मिळत नाही. तुमच्या दारात मी माझा तांब्या आणायचा नसेल, तर माझी तहान भागवणे हे तुमचे कर्तव्य होते.

मोठी जहाजे हे कर्तव्य निभावू शकतात. जहाज समुद्राच्या खाऱ्या पाण्यापासून गोडे पाणी स्वतःच बनवते. इंजिनाची वाया जाणारी उष्णता घेऊन, हवेचा दाब कमी करून, पाणी कमी उष्णतेवर उकळवतात आणि वाफ थंड करतात. किंवा बारीक पडद्यातून जोराने पाणी दाबून मीठ मागे ठेवतात. गंमत अशी की जहाजांच्या यंत्रांची ही विद्या आमच्या शेजारी डोंगरावरच शिकवली जाते. लोणावळ्याच्या 'आयएनएस शिवाजी'त १९४५ पासून नौदलाचे तंत्रज्ञ तयार होत आहेत. बहुतेक मोठ्या जहाजांच्या भोजनगृहात साधे पाणी फुकट मिळते, असे मावसभाऊ सांगतो. पैसे पडतात ते बाटलीचे. जहाजाचे तिकीट काढणाऱ्या वाचकाने दारूचे नियम अवश्य वाचावेत, पण आधी एवढे विचारावे: साधे पाणी कोठे आणि केव्हा मिळेल?

अखेर पाटीचे काय झाले? मी आईला विचारले, "पाण्याचं काय लिहू?" टपरीच्या कोपऱ्यात तिचा माठ असतो. सकाळी विहिरीवरून दोन खेपा करून ती तो भरते. आजवर तिने त्याचा एक पैसा घेतलेला नाही. ती म्हणाली, "त्यात लिवायचं काय? पानी काय कुनी इकतं व्हय?" जग पाणी विकते आहे, हे तिला सांगायचे माझ्या जिवावर आले.

मी अण्णांचा मजकूर बदलला. ते थोडे कुरकुरले, मग दोन वेळा मोठ्याने वाचायला लावून म्हणाले, "ऱ्हाऊ दे." आता पत्र्यावर असे आहे:

'बाकावर बसणाऱ्याने काहीतरी घ्यावे. आपली बाटली आपल्याबरोबर परत न्यावी. माठातले पाणी सर्वांसाठी आहे.'

नागफणीला आलात तर अवश्य थांबा. अक्षर माझे आहे.