विश्लेषण : नव्या ई-वाहनांत ग्राहकाच्या कामाचे काय?

नवी इलेक्ट्रिक गाडी बाजारात आली की चर्चा होते ती तिच्या स्क्रीनची, रंग बदलणाऱ्या दिव्यांची आणि काही सेकंदांत गाठल्या जाणाऱ्या वेगाची. रोज घर ते कार्यालय एवढेच अंतर कापणाऱ्या आणि पगारातून हप्ता भरणाऱ्या ग्राहकाला त्यातले किती उपयोगी पडते? महत्त्वाचे बदल बॅटरीत, हमीच्या अटींत आणि खरेदीच्या करारात होत आहेत. शोरूममध्ये मात्र ते सहसा दिसत नाहीत.

स्क्रीन म्हणजे नवे तंत्रज्ञान?

महिंद्राने नोव्हेंबर २०२४ मध्ये आणलेल्या ‘एक्सईव्ही ९ई’ मध्ये डॅशबोर्डवर तीन स्क्रीन शेजारी-शेजारी आहेत. त्या देखण्या आहेत, पण मोठी स्क्रीन आता पेट्रोल गाड्यांतही मिळते. त्यामुळे इलेक्ट्रिक गाडीच का घ्यावी, याचे उत्तर त्यात नाही. काही स्कूटरमध्ये तर नेव्हिगेशनसारख्या सोयींसाठी वेगळे पॅक विकत घ्यावे लागते. त्या तुलनेत डिसेंबर २०२४ मध्ये आलेल्या चेतक ३५ मालिकेतील बदल साधा वाटेल. बजाजने बॅटरी पाय ठेवण्याच्या जागेखाली हलवली आणि सीटखालची डिकी ३५ लिटरची झाली. भाजी, हेल्मेट आणि डबा एकत्र नेणाऱ्याला त्याचा उपयोग रोज होतो.

बॅटरीत काय बदलले?

लिथियम आयर्न फॉस्फेट अर्थात ‘एलएफपी’ बॅटरीचा वापर वाढला, हा सर्वात मोठा बदल. निकेल-कोबाल्ट असलेल्या बॅटरीपेक्षा ती त्याच वजनात कमी ऊर्जा साठवते. मात्र स्वस्त पडते, चार्जिंगची अधिक आवर्तने सोसते आणि सहजासहजी पेट घेत नाही. २०२२ च्या उन्हाळ्यात ई-स्कूटरना आगी लागल्यानंतर सरकारने ‘एआयएस १५६’ हे सुरक्षा मानक कडक केले आणि डिसेंबर २०२२ व मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत ते लागू झाले.

हमीही वाढली. टाटा मोटर्सने २०२५ मध्ये हॅरियर ईव्हीपासून सुरुवात करून कर्व्ह ईव्ही आणि नेक्सॉन ईव्ही ४५ च्या बॅटरीला ‘आजीवन’ हमी दिली. ‘आजीवन’चा अर्थ येथे १५ वर्षे, तोही खासगी वापरासाठी आणि पहिल्या मालकापुरता. म्हणजे जुनी गाडी घेणाऱ्याने अटी नीट वाचाव्यात. बॅटरी बंद पडणे आणि तिची क्षमता घटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एथरच्या आठ वर्षांच्या किंवा ८० हजार किमीच्या वाढीव हमीत क्षमता किमान ७० टक्के राहील, असे आश्वासन आहे. त्यासाठी वेगळे पैसे मोजावे लागतात.

बॅटरी भाड्याने घेणे परवडते का?

एमजी विंडसर सप्टेंबर २०२४ मध्ये ९.९९ लाख रुपयांत आली. या किमतीत बॅटरी नव्हती. तिचे भाडे तेव्हा किलोमीटरला साडेतीन रुपये होते. बॅटरीसह सुरुवातीची किंमत होती १३.५० लाख. पुढे ही गाडी काही महिने देशात सर्वाधिक विकली जाणारी ई-कार ठरली. जुलै २०२५ मध्ये हिरोने ‘विडा व्हीएक्स२’ स्कूटरसाठीही असाच पर्याय दिला.

विंडसरच्या दोन किमतींत फरक ३.५१ लाखांचा. साडेतीन रुपयांच्या दराने तो साधारण एक लाख किलोमीटरनंतर भरून निघतो. महिन्याला हजार किमी चालवणाऱ्याला त्यासाठी आठ वर्षांहून अधिक काळ लागेल आणि तेवढ्या रकमेच्या कर्जावरील व्याजही वाचेल. कमी चालवणाऱ्याला योजना फायद्याची दिसते ती यामुळे. मात्र काही वित्तसंस्था दरमहा किमान किलोमीटरची अट घालतात. ती दीड हजारांची असेल, तर हजार किमी चालवूनही भाडे ५,२५० रुपयेच. म्हणजे किलोमीटरला सव्वापाच. त्यावर विजेचा खर्च वेगळा. पेट्रोल शंभर रुपयांच्या वर आणि गाडी लिटरला १५ किमी देणारी धरली, तर पेट्रोलवर किलोमीटरला सात रुपयांच्या आसपास खर्च होतात. बचत उरते, पण जाहिरातीत दिसते तेवढी नाही.

रेंजचा आकडा किती खरा?

प्रयोगशाळेतील चाचणीचा आकडा रस्त्यावर क्वचितच मिळतो. नेक्सॉन ईव्ही ४५ ची प्रमाणित रेंज ४८९ किमी आहे. प्रत्यक्ष वापरात ३५० ते ३७० किमी मिळतील, असे खुद्द कंपनीच सांगते. दोन्ही आकडे जाहीर करण्याची ही पद्धत साधीच, तरी ग्राहकासाठी कुठल्याही नव्या फीचरइतकी मोलाची.

चार्जिंग आणि दुरुस्तीचे काय?

एथरने विकसित केलेल्या चार्जिंग जोडणीला भारतीय मानक ब्युरोने २०२३ मध्ये मान्यता दिली आणि विडाच्या स्कूटरही तीच वापरतात. त्यामुळे एका कंपनीच्या चार्जरवर दुसरीची गाडी चार्ज होऊ शकते. केंद्रीय ऊर्जा मंत्रालयाच्या सप्टेंबर २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार घरच्या सध्याच्या वीजजोडणीवरही वाहन चार्ज करता येते. मात्र मुंबई-पुण्यातील सोसायट्यांत मीटर एका टोकाला आणि पार्किंग दुसऱ्या टोकाला असते. मधली वायर कुठून न्यायची, हा प्रश्न शेवटी सर्वसाधारण सभेतच येतो.

विक्रीनंतरची सेवा हा तर आणखी कच्चा दुवा. दहा हजारांहून अधिक तक्रारींनंतर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑक्टोबर २०२४ मध्ये ओला इलेक्ट्रिकला कारणे दाखवा नोटीस बजावली होती. बहुतांश तक्रारी सोडवल्याचे कंपनीने उत्तरात म्हटले. स्कूटर महिनाभर सर्व्हिस सेंटरमध्ये उभी राहिली, तर मालकाला रिक्षाने कामावर जावे लागते आणि कर्जाचा हप्ता मात्र ठरल्या तारखेलाच जातो.