आजी, एसटी आणि डबल बेल

माझी आजी सत्याहत्तर वर्षांची आहे. ती दर रविवारी जोतिबाला जायची. गेल्या वर्षी वडापच्या जीपमध्ये पाय ठेवायला आणि गाडी हलायला एकच गाठ पडली. आजी पडली. तेव्हापासून म्हणते, "नगं रं बाबा, घरातनंच हात जोडते." भजनाचंही बंद झालं.

२६ ऑगस्ट २०२२ पासून महाराष्ट्रात ७५ वर्षांवरील माणसांना एसटीचा प्रवास मोफत आहे. पण फुकट असलं तरी चढता आलं पाहिजे ना!

गुरुजींनी सांगितले, गाडी सुटताना आपले पाय गाडीबरोबर पुढे जातात, पण अंग जागीच राहू पाहते. म्हणून आपण मागे कलतो. याला जडत्व म्हणतात. आपण चटकन सावरतो. म्हाताऱ्या माणसांना वेळ लागतो.

कंडक्टरची डबल बेल म्हणजे गाडी सोडा. म्हातारी माणसं बसल्यावरच ती वाजावी. आपण मुलांनी ढकलू नये, पिशवी धरावी, दाराजवळची जागा द्यावी.

परवा मी पिशवी धरली, आजीने दांडी धरली. आम्ही एसटीने जोतिबाला जाऊन आलो. घरी आल्यावर आजीनेच विचारलं, "भजन कवा हाय रं?"

— इयत्ता चौथी