राजीनामा : एक शब्द, दोन अर्थ

जबलपूरच्या सिव्हिल लाइन्स परिसरात वकिलांच्या तोंडून ‘राजीनामा हो गया’ असे ऐकले की मराठी माणूस थबकतो. पद कुणी सोडले? कुणीच नाही. इथल्या कोर्टाच्या बोलीत राजीनामा म्हणजे दोन्ही पक्षांची तडजोड. पाटीवरचा ‘शिक्षा विभाग’ही आपल्याला आधी दचकवतो. लिपी तीच, शब्द तोच, अर्थ निराळा. इतक्या शेजारच्या भाषांनी एका राज्यात कसे नांदायचे, हा प्रश्न या शहराने अनुभवला आहे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस जबलपूर आधी सागरच्या मराठ्यांकडे आणि मग नागपूरकर भोसल्यांकडे होते. पुढे मध्य प्रांतात नागपूर आणि जबलपूर एकाच कारभाराखाली आले. याच प्रांतात, दमोहजवळच्या पथरियात जन्मलेल्या माधवराव सप्रे यांनी ‘दासबोध’ आणि ‘गीतारहस्य’ हिंदीत नेले. १९२० साली जबलपुरातून निघालेल्या ‘कर्मवीर’च्या उभारणीतही त्यांचा हात होता. घरची भाषा मराठी आणि लेखणीची हिंदी, यात त्यांना विसंगती वाटली नाही. स्वातंत्र्यानंतर, १९५० च्या कायद्याने, नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रदेशात हिंदी आणि मराठी या दोन्ही राजभाषा ठरल्या. नागपुरात डॉ. रघुवीर संस्कृतच्या आधारे कारभाराची परिभाषा घडवत होते, ती दोन्ही भाषांना चालावी म्हणून.

त्याच काळात युरोपात, युगोस्लाव्हिया या एकाच देशात राहणाऱ्या क्रोएशियन आणि सर्बियन भाषकांपुढे असाच प्रश्न होता. पाव एकाचा ‘क्रुह’, दुसऱ्याचा ‘ह्लेब’. विमान एकाचे ‘झ्राकोप्लोव्ह’, दुसऱ्याचे ‘अव्हिओन’. बाकी बोलणे एकमेकांना सहज कळते. १९५४ च्या नोव्ही साद करारात ठरले : भाषा एक, लिप्या दोन. हा झाला हिंदी अर्थाचा राजीनामा. पण कारभारात आपले शब्द मागे पडतात, ही क्रोएशियनांची खंत वाढत गेली. मार्च १९६७ मध्ये तिथल्या साहित्यसंस्थांनी आपल्या भाषेचे नाव आणि स्थान मागणारा जाहीरनामा काढला. त्यावर सही करणारे थोर लेखक मिरोस्लाव्ह क्रलेझा यांना सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या केंद्रीय समितीचे सदस्यत्व सोडावे लागले. हा मराठी अर्थाचा राजीनामा. १९९० च्या राज्यघटनेने क्रोएशियनला राजभाषा केले आणि १ जुलै २०१३ रोजी ती युरोपीय संघाची चोविसावी अधिकृत भाषा झाली.

आपल्याकडे वाट वेगळी निघाली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. नव्या मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली आणि उच्च न्यायालय जबलपूरला आले. मराठी माणसाला आपले राज्य मिळण्याची वाट मोकळी झाली, ते योग्यच होते. पण जबलपूरच्या मराठी घरांची भाषा त्या दिवशी कचेरीतून उठली आणि उरली देवघरात, स्वयंपाकघरात, गणेशोत्सवात.

त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली, ती फारशी कुणाच्या लक्षात नाही. सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३५० क राज्यघटनेत आला. भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय राज्यांनी करावी, असे तो सांगतो. सीमा आखताना सीमेपलीकडे राहणाऱ्यांची आठवण घटनेने ठेवली होती. ती आपण ठेवली का?

क्रोएशियाचा धडा मला असा दिसतो : भाषेला शेजारणीपासून तोडण्याची गरज नाही, पण तिचे नाव आणि जागा मागावीच लागते. सप्रे यांच्यासारखे हिंदीवर प्रेम करूनही मराठी राहता येते. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला. त्याचा लाभ महाराष्ट्राबाहेरच्या मुलांपर्यंत पोचला पाहिजे. त्यासाठी आधी आपण मोजले गेले पाहिजे. जबलपूर, बैतूल, छिंदवाडा, बालाघाटच्या मराठी वाचकांना म्हणूनच एक विनंती : जनगणनेत मातृभाषा विचारतील, तेव्हा निःसंकोचपणे ‘मराठी’ सांगा.