जाडी मोजा, मगच रिंग निवडा

जऊळका रेल्वे हे वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातलं, अकोला-पूर्णा लोहमार्गावरचं गाव. इथं झेरॉक्सच्या काउंटरवर स्पायरलला येणारे गठ्ठे नाना तऱ्हेचे असतात: शाळेचे प्रकल्प, नोट्स, कार्यालयीन अहवाल. गिऱ्हाईक सांगतं, ‘दोनशे पानं आहेत.’ पण तेवढ्यावरून रिंग ठरत नाही. पाठपोट छापलेली दोनशे पानं म्हणजे कागद शंभरच. शिवाय कागद कोणता, हेही बघावं लागतं.

कागदाच्या रिमवर जीएसएमचा आकडा असतो. एक चौरस मीटर कागदाचं ते ग्रॅममधलं वजन. ए-फोरचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर भरतो. म्हणून ८० जीएसएमचा एक कागद ५ ग्रॅमचा. पण वजन आणि जाडी नेहमी जोडीनं वाढत नाहीत. झेरॉक्सचा ७५ जीएसएम कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड, म्हणजे शंभर कागदांचा गठ्ठा एक सेंटिमीटरचा. १३० जीएसएमचा गुळगुळीत आर्ट पेपर हाताला जड लागतो, तरी दाबून घोटलेला असल्यानं जाडीला जवळपास तेवढाच भरतो. उलट चित्रकलेचा खरबरीत १४० जीएसएम कागद दुपटीच्या घरात जातो.

म्हणून मी गठ्ठा आधी ठोकून सरळ करतो, वर-खाली कव्हर ठेवतो, तळहातानं हलका दाबतो आणि कडेला पट्टी लावतो. भरेल त्यात तीन-चार मिलिमीटर मिळवले की रिंगचा आकार मिळतो. दहा मिलिमीटरच्या गठ्ठ्याला चौदाची रिंग बेताची बसते. रिंग लहान पडली तर पान उलटताना भोकाशी ताण येतो आणि तिथंच फाटतं. फार मोठी घेतली तर पानं आत सरकतात, कडा जुळत नाहीत आणि दप्तरात रिंग चेपते.

फोटो चिकटवलेल्या प्रकल्पाचा गठ्ठा मधोमध फुगतो, म्हणून तो तिथंही मोजावा. पावसाळ्यात कागद दमट होऊन लहरतो. तेव्हा एक आकार वरची रिंग बरी. रिंग ओवून झाली की सगळी पानं एकदा पूर्ण उलटून पाहावीत, मगच दोन्ही टोकं पकडीनं वळवावीत.

तेव्हा बायंडिंगला येताना चिकटवणं, सह्या, कव्हर सगळं पुरं करून गठ्ठा आणा आणि दुकानदाराला तो तुमच्यासमोर मोजायला सांगा.